मनूच्या खोलीतला आवाज : एका साऊंडवाल्याच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

वहीच्या मागच्या बाजूला लग्नाच्या ऑर्डरींचा हिशेब आहे, तो तसाच राहू दे. पुढची पानं आजपासून मनूची.

मनू म्हणजे ताईची मुलगी. बारावी सायन्स. गावाहून रोज एसटीने हेलपाटे नकोत म्हणून दीड वर्ष मिरजेत आमच्याकडे आहे. बोर्डाचा पहिला पेपर ११ फेब्रुवारीला. ती कानात इअरफोन घालून अभ्यास करते आणि त्यावरून घरात रोज वाजतं. मामीचं म्हणणं, गाणी ऐकत कुठं अभ्यास होतो होय? मनूचं म्हणणं, गाणी नसली तर पाच मिनिटंसुद्धा बसवत नाही. मग दोघी माझ्याकडे बघतात, कारण माझा वीस वर्षांचा साऊंडचा धंदा. लग्न, जयंती, सभा, सगळीकडे मला आवाज वाढवायला बोलावतात. कमी करायला पहिल्यांदाच कोणीतरी बोलावलंय, आणि तेही फुकटात.

म्हटलं, हातात तीन महिने आहेत, नीट तपासून बघू. तोवर मामीने टोमणा मारायचा नाही आणि इअरफोन माझ्या ड्रॉवरमध्ये राहणार. मनू म्हणाली, "मामा, आणि तुझं चुकलं तर?" तर चांगला हेडफोन घेऊन देईन म्हणालो. बोलून बसलो खरा.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी सात ते नऊ मनूच्या खोलीत कोपऱ्यात आवाज मोजायचा मीटर घेऊन बसलो. हा मीटर पोलिसांच्या मीटरला उत्तर देता यावं म्हणून घेतलेला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ अशी मर्यादा आहे. मंडळाच्या पोरांना हे आकडे सांगितले की ती हसतात.

आजचे आकडे: पंखा तीनवर, ४४. खाली आईची मालिका, वर ऐकू येते ती ४७. शेजारच्या काकूंचा गच्चीतून मुलीशी फोन, ४८. जंक्शनवरून गाडीचा भोंगा, ५८. खिडकीखालून प्रचाराची रिक्षा, ७८.

मनूला सांगितलं होतं, लक्ष उडालं की कागदावर एक रेघ मार. दोन तासांत ३१ रेघा. मी आपला रिक्षावाल्यांना शिव्या घालायच्या तयारीत होतो. रिक्षा चार वेळा गेली, तिच्या रेघा पाच. भोंग्याला एकही नाही. बाकी जवळजवळ सगळ्या मालिकेच्या नि काकूंच्या फोनच्या. मालिकेत आज कोणी कोणाला घराबाहेर काढलं ते मनूने मला सविस्तर सांगितलं. समोर उघडं पान होतं अल्डिहाइड-किटोनचं, त्यातलं विचारलं तर गप्प.

म्हणजे ५८ डेसिबलच्या भोंग्याला माफी आणि ४७ च्या मालिकेला फाशी. या कामात मीटरचा फारसा उपयोग नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं ते बरं झालं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

चाचणी ठरवली. एक: आठ आकडे, सेकंदाला एक याप्रमाणे मोबाईलवर दिसणार. मग दहा सेकंद थांबायचं आणि त्याच क्रमाने लिहायचे. असे दहा संच. दोन: फिजिक्सची ओळखीच्या नमुन्याची पाच गणितं. तीन: जीवशास्त्राची न वाचलेली दोन पानं वाचून त्यावर मी विचारलेले दहा प्रश्न. (उत्तरं माझ्याजवळ लिहिलेली असतात. मला जीवशास्त्राचं काय कळतंय!)

सगळं स्पीकरवर, आणि पातळी मनूच्या कानाशी ५२ डेसिबल. ही पातळी सारखी करणं लोक विसरतात. एक गाणं हळू, दुसरं मोठं, आणि मग म्हणायचं की दुसऱ्याने त्रास झाला. आमच्या धंद्यातही गिऱ्हाईक दोन कॅबिन (स्पीकरचे डबे) ऐकून जी मोठी वाजते तीच चांगली म्हणतं.

मनूची स्वतःची यादी, मराठी-हिंदी गाणी: आकड्यांचे दहापैकी ३ संच बरोबर. शांततेत (आई देवळात, काकू गावाला): ७. गणितं दोन्हीकडे पाचपैकी पाच, फक्त गाण्यांबरोबर थोडा वेळ जास्त लागला. वाचनाच्या प्रश्नांत शांततेत ८, गाण्यांबरोबर ५.

मनूला हे पटलं नाही. "मामा, मराठी गाण्याचे शब्द कळतात म्हणून. कोरियन लाव. त्यातलं ओ की ठो कळत नाही." लावलं. आकडे ४. एकाच पोरीची एकाच दिवसाची चाचणी, पोटात भूक, त्यात शेवटी कंटाळलेली. यावर काही ठरवत नाही. पण कोरियनने सुटका झाली नाही ही गोष्ट खटकली.

१७ नोव्हेंबर, रविवार

कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे एक सर माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या मुलाच्या मुंजीला कर्णे मीच लावले होते. त्यांच्याकडे सहज विषय काढला तर त्यांनी कपाटातून कागदांचा गठ्ठाच काढला. चहा दोनदा झाला.

कोरियनचं उत्तर त्यांच्याकडे १९७६ सालचं निघालं. कोल आणि वेल्श या दोघांनी इंग्रजी बोलणाऱ्या, जर्मन न येणाऱ्या लोकांना काही लक्षात ठेवायला दिलं आणि मागे जर्मन वाचन लावून ठेवलं. एक शब्द कळत नव्हता, तरी आठवणीचं नुकसान झालंच. पुढे १९८९ मध्ये सालामे आणि बॅडली यांनी गाणी लावून पाहिली. शब्द असलेलं गाणं नुसत्या वाद्यांपेक्षा जास्त नडलं. नुसता एकसारखा घुंईं गोंगाट नडला नाही. क्रमाने काही लक्षात ठेवताना आपण मनातल्या मनात ते बोलत असतो, आणि कानावर सतत बदलत राहणारा आवाज त्या आतल्या बोलण्याच्या रांगेत घुसतो, असं सरांनी समजावलं. कळणारं बोलणं दुप्पट गुन्हेगार. ते रांगेत घुसतं आणि वर गोष्टही सांगतं.

मी विचारलं, पण आवडीचं गाणं असेल तर? त्यावरही कागद होता: पेरहम आणि विझार्ड, २०११. गाणं आवडतं असो की नावडतं, क्रम आठवण्याच्या कामात दोन्ही शांततेपेक्षा वाईटच ठरली. हा कागद मामीला दाखवायचा नाही असं ठरवून घडी घालून खिशात ठेवला.

मग निघालं ते मोत्सार्टचं. मनूच्या क्लासच्या भिंतीवर म्हणे चिकटवलंय, मोत्सार्ट ऐका, बुद्धी वाढवा. मूळ प्रकार १९९३ चा. अमेरिकेत फ्रान्सिस रॉशर आणि सहकाऱ्यांनी ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना दोन पियानोंसाठीची मोत्सार्टची एक रचना दहा मिनिटं ऐकवली आणि नंतर घडी घातलेला, कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा जातीचे प्रश्न दिले. नुसतं शांत बसल्यानंतर जमले त्यापेक्षा थोडे जास्त जमले. परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकला आणि संपला. एवढंच. १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी द्यायला एक लाख पाच हजार डॉलर मागितले! २००१ मध्ये टॉम्पसन, शेलेनबर्ग आणि हुसेन यांनी दाखवलं की ऐकणाऱ्याला आलेली तरतरी आणि खुललेला मूड बाजूला काढला तर मोत्सार्टकडे वेगळं असं काही शिल्लक राहत नाही.

घरी येताना गाडीवर एक गोष्ट डोक्यात बसली. त्या पोरांनी संगीत आधी ऐकलं होतं. प्रश्न सोडवताना खोलीत आवाज नव्हता. भिंतीवर चिकटवणाऱ्याने हा भाग बहुतेक वाचलाच नसावा.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

काल संध्याकाळी प्रचार थांबला. गल्ली एकदम शांत. वाटलं, मनूची चंगळ. उलटं झालं. रेघा ३८! रिक्षा, फटाके, घोषणा यांचा गदारोळ गेला आणि त्याखाली दबलेलं सगळं वर आलं. आईची मालिका, जिन्यातल्या गप्पा, काकूंचा जावई. "मामा, आता तर काकूंच्या जावयाचं बोलणंपण कळतंय."

हे मला आधी सुचायला हवं होतं. मंगल कार्यालयात जनरेटर बंद झाला की शेवटच्या पंगतीतली कुजबुज स्टेजवर ऐकू येते. आईला टीव्ही बंद कर म्हणणं शक्य नाही. दिवसभरात तिची तेवढीच करमणूक. काकूंना तर सांगायची सोयच नाही. तेव्हा आता शोध एकाग्रता वाढवणाऱ्या संगीताचा नाही. काकू झाकल्या जातील आणि स्वतः मात्र मध्ये येणार नाही, असा आवाज हवा.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निवडणुकीचा निकाल. सकाळपासून मीच गुलालात, दोन सिस्टीम रस्त्यावर. मनूने मैत्रिणीकडे अभ्यास केला. माझ्यापासून लांब.

१ डिसेंबर, रविवार

आठवडाभर एकेक आवाज तपासला.

पिंक नॉइज, म्हणजे धबधब्यासारखा एकसारखा गोंगाट. हॉल ट्यून करताना आम्ही हाच सिस्टीमवर सोडतो. प्रत्येक सप्तकात सारखी ताकद, म्हणून व्हाइट नॉइजसारखा कानात टोचत नाही. काकू साफ झाकल्या गेल्या, आकडे ७, रेघा ९. पण चाळीस मिनिटांनी मनूने दार उघडून विचारलं, "मामा, कुकरची शिट्टी कधी होणार?" दुसऱ्या दिवशी तिने लावलाच नाही. लावायचं मन होत नसेल तर आकड्यांना काय चाटायचंय?

पावसाचं रेकॉर्डिंग. बरं. पण मध्ये गडगडाट, आणि दर वेळी ही खिडकीकडे बघणार. बाहेर दोरीवर कपडे!

लो-फाय. क्लासमधली निम्मी पोरं हेच लावतात. ठेका तोच तोच, सूर बुजलेले, शब्द नाहीत. आकडे ६. मला स्वतःला वाईट वाटलं नाही. मात्र मोबाईलवर फुकटात ऐकायचं तर मध्येच जाहिरात, आणि जाहिरात म्हणजे ओरडून बोलणारा माणूस. त्या एका रात्रीच्या अकरा रेघांपैकी सात जाहिरातींच्या.

सतार, यमनचा आलाप. इथे माझी फार आशा होती. ठेका नाही, शब्द नाहीत, संध्याकाळची वेळ, सगळं जुळतंय. मनू आठवीपर्यंत गाणं शिकलीय हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. तिचा हात थांबला, डोळे मिटले. "थांब मामा, आता तो तीव्र मध्यमावरून वर जाणार." आकडे ४, म्हणजे कोरियन गाण्याएवढेच! ज्याला राग कळतो त्याला तो राग बोलल्यासारखाच ऐकू येतो. मला कळत नाही, म्हणून मला तो शांत वाटला होता.

७ डिसेंबर, शनिवार

मग उरतो तंबोरा. चार तारा: पंचम, दोन जोड (मधला सा), खर्ज (खालचा सा). पुढे कुठे जायचं नाही, काही सांगायचं नाही.

पहिल्यांदा मोबाईलवरच्या ॲपमधला लावला. दोन अडचणी. दर काही सेकंदांनी तेच आवर्तन जसंच्या तसं येतं आणि रेकॉर्डिंगच्या सांध्याची जागा मनूला दुसऱ्याच मिनिटाला सापडली. सापडली की मग ती त्या जागेची वाट बघत बसते. दुसरं, मोबाईलच्या स्पीकरला खर्ज झेपत नाही. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा, तो त्या चिमुकल्या स्पीकरमधून निघणारच नाही. त्याच तारेतून आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वयंभू सुरांवरून कान तो मनाने भरून काढतो, पण सगळं पातळ वाटतं. ताकासारखं.

मिरजेत राहून ॲपवरचा तंबोरा ऐकायचा, याची लाज वाटली. गेल्या मार्चमध्ये मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं तेव्हा सत्काराला साऊंड माझाच होता. संध्याकाळी सतारमेकर गल्लीत ओळखीच्या चाचांकडे गेलो. रेकॉर्डिंगचं सांगितलं. ते म्हणाले, "रात्री साडेनऊला या. आता रंधा चालू आहे, तुमच्या माईकमध्ये भुसा भरेल."

८ डिसेंबर, रविवार

काल रात्रीचं.

दुकान बंद झाल्यावर चाचांनी दोन तंबोरे खाली काढले. भोपळ्यावरचा हात फिरवून एक परत ठेवला. दुसरा मांडीवर आडवा घेऊन तार छेडली. माझ्या कानाला ठीक वाटलं. त्यांना नाही. घोडीवर तारेखाली सुताचा एवढासा धागा असतो. तो नखाने केसभर पुढे ढकलला. आवाज बोदा झाला. केसभर मागे ओढला. एकदम तारेच्या आत जणू दुसरी तार वाजायला लागली, झणकार उघडला. मी नॉब फिरवून इक्वलायझरवर जे करायला दहा मिनिटं घेतो ते सुताच्या धाग्याने झालं. चारही तारांचं असं होईपर्यंत पाऊण तास गेला. मध्ये एकदा नातवाला म्हणाले, "पंखा बंद कर, तार उतरते."

नातू वाजवायला बसला. पंचम मधल्या बोटाने, बाकीच्या तीन तर्जनीने. मी भोपळ्यापासून दीड हातावर एक माईक आणि घोडीकडे एक असे दोन लावले. सलग तास घेऊ म्हटलं तर चाचा म्हणाले, "बारा मिनिटं. मग परत लावायला लागतो." खरोखरच बारा-तेरा मिनिटांनी खर्ज किंचित ढिला पडायचा, मणी सरकवून परत जागेवर. असे चार भाग घेतले, काळी एकमध्ये दोन आणि काळी चारमध्ये दोन. त्यासाठी दुसरा, बायकी सुराचा तंबोरा काढला. तिसऱ्या भागात बाहेरून बुलेट गेली, तो परत.

पैसे काढले तर चाचा रागावले. म्हणाले, "आमच्या अँप्लिफायरमध्ये घूंऽऽ येतंय, तेवढं बघा." बघितलं. पन्नास हर्ट्झची घूं आहे, अर्थिंगचा घोळ. येतो म्हणालो.

११ डिसेंबर, बुधवार

दोन रात्री एडिटिंग. नातवाच्या बोटात माणसाचा असमानपणा आहे, एक आवर्तन दुसऱ्यासारखं नाही. म्हणून सांधा सापडत नाही. काळी एकचे दोन्ही भाग एकमेकांवर पंधरा सेकंद विरघळवून चोवीस मिनिटांची फाईल झाली. काळी चारची तशीच दुसरी.

काळी चार आधी लावली, मनूचा गायचा सूर तोच म्हणून. चूक. दहा मिनिटांत वरून "सा" ऐकू आला. पोरगी आकार लावून बसलेली! काळी एक लावली. तो सूर तिच्या गळ्याला सोयीचा नाही, म्हणून गप्प राहिली.

आता जागा. सगळे जण आवाज कानाशी आणतात. मी जुना चार इंची स्पीकर खिडकीच्या चौकटीत, जिथून काकू आत येतात तिथेच ठेवला, आणि दुसरा जिन्याच्या दाराशी. म्हणजे बोलणं खोलीत शिरतानाच तंबोऱ्यात बुडतं आणि मनूपाशी पातळी फार वाढवावी लागत नाही. व्हॉल्यूम हळूहळू वर घेतला. ४६, ४७... ४९ ला काकू बोलतायत एवढं कळत होतं, काय बोलतायत ते नाही. तिथे नॉबवर पांढऱ्या पेनाने खूण केली. याच्यापुढे कोणी हात लावायचा नाही.

आज रेघा ६.

२२ डिसेंबर, रविवार

पंधरवड्याच्या चाचण्यांचा हिशेब. आकड्यांमध्ये तंबोरा सरासरी ७ च्या आसपास, शांततेतही तेवढेच. वाचनात ८ आणि ८. म्हणजे तंबोऱ्याने बुद्धी काडीची वाढवली नाही. चाचांचा तंबोरा, जीआय मानांकनाचं गाव, दोन माईक, आणि निकाल काय, तर काहीच नसल्यासारखा! पण संध्याकाळी सात ते नऊ काहीच नसणं आमच्या घरात विकत मिळत नाही. सलग बसणं पंचवीस मिनिटांवरून पन्नासवर गेलंय. पिंक नॉइजनेही आकडे हेच दिले होते, पण ती तो लावत नव्हती. तंबोरा ती आपण होऊन लावते.

मामी म्हणाली, "म्हणजे माझंच खरं ना?" अर्धं. कारण गणितात गाण्यांनी फारसं बिघडलं नव्हतं, आणि जर्नल उतरवणं, आकृत्या काढणं, आलेख, यात तर गाणी लावल्यावर मनू उलट जास्त वेळ टिकते. हातांचं तेच तेच काम आणि डोकं रिकामं. सरांनी सांगितलेलं आठवलं: दुसऱ्या महायुद्धात बीबीसीने जून १९४० पासून कारखान्यांतल्या कामगारांसाठी काम करताना ऐकायच्या संगीताचा कार्यक्रमच सुरू केला होता, दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास. त्यातसुद्धा टाळ्यांची जागा असलेलं एक अमेरिकी गाणं बंद करावं लागलं. लोक हातातलं काम सोडून ठेका धरायचे.

तेव्हा इअरफोन परत केला, जर्नल आणि आकृत्यांपुरता. मामीने मान्य केलं. हेडफोनचं कोणी काढलं नाही, मीही आठवण करून दिली नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

नवीन काळजी. परीक्षा केंद्रावर तंबोरा नसणार. सवयच लागली तर? मी ती मोडायचा डाव मनूला न सांगता केला: टायमर लावून वीस मिनिटांनी आवाज दोन मिनिटांत हळूहळू शून्यावर. लग्नात पाहुणे जेवायला वळले की आम्ही सनई अशीच उतरवतो, कोणाच्या लक्षात येत नाही.

७:१० ला सुरू. ७:३२ ला बंद. मनू ८:२५ ला खाली पाणी प्यायला आली तेव्हा म्हणाली, "आज तंबोरा छान लागलाय, मामा." मी मीटरमध्ये तोंड घातलं.

१२ जानेवारी, रविवार

सांगून टाकलं. आधी चिडली. मग टायमर स्वतःच पंधरा मिनिटांवर आणला. आता पद्धत अशी: पुस्तक उघडायच्या आधी एक आवडतं गाणं, मोठ्याने, नाचायचं तर नाचून. मग तंबोरा पंधरा मिनिटं. मग काकू पुन्हा जाग्या होईपर्यंत काही नाही. सरावाचे तीन तासांचे पेपर मात्र सकाळी, सगळं बंद ठेवून, स्वयंपाकघरातल्या कुकरसकट.

आजच्या पेपरला रेघा मारायचं विसरली. म्हणजे ती विसरली की लक्ष उडालंच नाही, कळायला मार्ग नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

उद्या इंग्रजी. खिडकीतला स्पीकर काल आईने मागून घेतला, देवघराशेजारी ठेवलाय. जपाला बरा म्हणते. त्यामुळे आता मालिका नसली की खालून तंबोरा, आणि वर मनूच्या खोलीत काही नाही. नॉबवरच्या पांढऱ्या खुणेच्या वर आईने दुसरी खूण केलीय, कुंकवाची. तिला कमी ऐकू येतं.

चाचांच्या अँप्लिफायरची घूं अजून तशीच आहे. दोन महिने झाले, दोनदा विचारून झालं त्यांचं. उद्या साडेदहाच्या आत मनूला केंद्रावर सोडायचं आणि तिथून सरळ सतारमेकर गल्ली. अर्थिंगची वायर नि टेस्टर आत्ताच डिकीत ठेवलाय.